वागणुकीची परीक्षा : संत फ्रान्सिस झेवियर यांचे जीवन आणि आपण

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करते. आपल्या मराठवाड्यातील श्रद्धावंतांनाही हा संत परका नाही. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन झाले, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून भाविक तेथे लोटले. तासन्‌तास रांगेत उभे राहून त्यांनी दर्शन घेतले, नवस फेडले आणि संतांची तसबीर घेऊन ते घरी परतले. ही भक्ती चांगलीच आहे. परंतु ज्या संतांची तसबीर आपण भिंतीवर लावतो, त्यांच्या मनाला आयुष्यभर कोणती गोष्ट सर्वांत अधिक टोचत होती, याचा विचार आपण क्वचितच करतो.

ती गोष्ट होती ख्रिस्ती लोकांचे ख्रिस्ती नसलेले वागणे. समुद्राचे तुफान, भाषेची अडचण, उपासमार, एकटेपणा हे सारे त्यांनी सोसले. परंतु शुभवर्तमानाच्या वाटेत त्यांना सर्वांत मोठा धोंडा आढळला तो बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांच्या दैनंदिन जीवनाचा.

आम्ही ज्या भागात राहतो तेथे हा प्रश्न रोज समोर उभा राहतो. नांदेडला गोदावरीच्या काठी सचखंड हुजूर साहिब आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी याच नगरीत देह ठेवला. तेथील लंगरमध्ये आलेल्या माणसाला जात, धर्म, गाव न विचारता पंगतीत बसवून जेवू घालतात. शीख धर्माचा एकही ग्रंथ न वाचलेल्या नांदेडकरालाही त्या धर्माविषयी निदान एवढे ठाऊक असते. आषाढीच्या सुमारास वारकरी पंढरीला निघतात, तेव्हा त्यांच्या गळ्यातील माळेबरोबर त्यांचा नेमही लोकांना दिसतो. आम्ही मूठभर कॅथोलिक लोक या शेजाऱ्यांमध्ये राहतो. आमच्या प्रार्थना त्यांच्या कानी पडत नाहीत. आमचे वागणे मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर असते. त्यावरून आमच्या प्रभूविषयी त्यांचे काय मत होत असेल? या प्रश्नाच्या उजेडात आम्ही संत फ्रान्सिस यांचे जीवन पुन्हा एकदा पाहणार आहोत.

उमराव घरातील महत्त्वाकांक्षी तरुण

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नाव्हारे राज्यात हावियेर येथील किल्ल्यात झाला. घराणे प्रतिष्ठित होते, परंतु फ्रान्सिस लहान असतानाच दिवस फिरले. १५१२ मध्ये कॅस्टिलच्या फौजांनी नाव्हारे जिंकले, १५१५ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. घराचे वैभव परत मिळवायचे तर विद्या आणि मोठे पद हीच वाट उरली होती. १५२५ मध्ये फ्रान्सिस पॅरिसच्या विद्यापीठात दाखल झाले.

तेथे सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांच्या खोलीत पीटर फेबर हा शेतकरी घरातील सालस विद्यार्थी राहत होता. तो सॅव्हॉयचा. याच सॅव्हॉयच्या भूमीतून पुढे एकोणिसाव्या शतकात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे मिशनरी मध्य भारतात आणि मराठवाड्यात आले. १५२९ मध्ये त्या खोलीत तिसरा विद्यार्थी आला. तो वयाने मोठा, पायाने लंगडा आणि पूर्वाश्रमीचा सैनिक होता. तेच संत इग्नाशियस लोयोला.

फेबर यांना इग्नाशियस लवकरच आपलेसे वाटले. फ्रान्सिस मात्र दूर राहिले. ते उत्तम खेळाडू होते, मित्रांत रमणारे होते. १५३० मध्ये पदवी मिळवून ते ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवू लागले होते आणि आपले उमराव कूळ कागदोपत्री सिद्ध करण्याच्या खटपटीत होते. इग्नाशियस यांनी वादविवाद केला नाही. त्यांनी फ्रान्सिस यांच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, पैशाची ओढाताण झाली तेव्हा मदत केली आणि संधी मिळेल तेव्हा शुभवर्तमानातील एकच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला : सारे जग हाती आले आणि आत्मा गमावला, तर त्या व्यवहारात माणसाला लाभ कोणता? फ्रान्सिस यांच्या अंतःकरणाचे दार उघडायला काही वर्षे लागली. पण उघडले ते कायमचे. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमधील माँमार्त्र टेकडीवरील चॅपलमध्ये सात मित्रांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. त्या सातांत फ्रान्सिस होते. येशूसंघाचे बीज तेथे पडले.

२४ जून १५३७ रोजी व्हेनिसमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याआधी त्याच शहरातील असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात त्यांनी सेवा केली होती. जखमा धुणे, खाटा स्वच्छ करणे, मृतांना पुरणे ही कामे किल्ल्यात जन्मलेल्या तरुणाने केली. व्रताचे शब्द वर्तनात उतरवण्याची ही त्यांची पहिली शाळा होती.

कपडे स्वतः धुणारा पोपप्रतिनिधी

पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांनी आपल्या पूर्वेकडील वसाहतींसाठी धर्मगुरू मागितले होते. इग्नाशियस यांनी निवडलेल्या दोघांपैकी निकोलस बोबादिया आजारी पडले आणि त्यांच्या जागी ऐन वेळी फ्रान्सिस यांना विचारण्यात आले. त्यांनी होकार दिला आणि फाटके कपडे शिवून मार्च १५४० मध्ये रोम सोडले.

७ एप्रिल १५४१ रोजी, वयाला पस्तीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ते लिस्बनहून जहाजावर चढले. पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्याजवळ अधिकारपत्रे होती. एवढ्या मोठ्या पदावरील माणसाला नोकर हवाच, त्याने स्वतःचे कपडे धुतले आणि स्वतःचे अन्न शिजवले तर त्याच्या पदाची अप्रतिष्ठा होईल, असे दरबारी लोकांनी सुचवले. फ्रान्सिस यांनी नोकर घेण्यास नकार दिला. असल्या प्रतिष्ठेनेच ख्रिस्तसभेची दुर्दशा केली आहे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. वर्षभराच्या त्या खडतर प्रवासात ते स्वतःचे कपडे स्वतः धूत राहिले आणि जहाजावरील आजाऱ्यांचेही धूत राहिले. मोझांबिक येथे मुक्काम पडला तेव्हा स्वतः तापाने फणफणले असतानाही त्यांनी रुग्णांची शुश्रूषा सोडली नाही.

जपमाळ आणि चाबूक

६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पोर्तुगीजांनी गोवा जिंकून तोवर बत्तीस वर्षे झाली होती. शहरात कॅथेड्रल होते, फ्रान्सिस्कन मठ होता, सणाच्या दिवशी मिरवणुका निघत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला ते एक धर्मनिष्ठ ख्रिस्ती नगर वाटले असते.

आतले चित्र वेगळे होते. चटकन श्रीमंत होऊन मायदेशी परतावे, याच हेतूने बहुतेक पोर्तुगीज येथे येत. घरोघरी गुलाम होते. अनेक पुरुष गुलाम स्त्रियांना विवाहाविना घरात ठेवत. लाच, सावकारी आणि जुगार बोकाळले होते. संतचरित्रांत एक गोष्ट नोंदलेली आहे, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. मालक गुलामांना फटके मारीत, तेव्हा फटक्यांची संख्या चुकू नये म्हणून ती जपमाळेच्या मण्यांवर मोजली जाई.

या प्रसंगावर आपण थोडे थांबले पाहिजे. ज्या मण्यांवर पवित्र मातेचे नाव घ्यायचे, त्याच मण्यांवर माणसाच्या पाठीवरचे वळ मोजले जात होते. त्या मालकांना आपण ख्रिस्ती आहोत याविषयी किंचितही शंका नव्हती. रविवारी ते मिस्सेला जात असत. श्रद्धा एका खोलीत आणि जीवन दुसऱ्या खोलीत ठेवून मधले दार त्यांनी लावून घेतले होते. त्या मार खाणाऱ्या गुलामाच्या मनात ख्रिस्ताचे कोणते चित्र उभे राहिले असेल, हे सांगायला नकोच.

फ्रान्सिस यांनी आधी गोव्याचे बिशप जुआव द आल्बुकर्क यांच्यापुढे आपली अधिकारपत्रे ठेवली आणि त्यांच्या अनुमतीवाचून आपण काही करणार नाही, असे नम्रपणे सांगितले. राहण्यासाठी त्यांनी राजवाडा निवडला नाही. ते रुग्णालयात राहिले. एखादा रुग्ण अत्यवस्थ असला की त्याच्या खाटेशेजारी जमिनीवरच झोपत. सकाळी आजाऱ्यांची सेवा, मग तुरुंगातील कैद्यांची पापनिवेदने, दर रविवारी शहराबाहेरील कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा असा त्यांचा क्रम होता. दुपारी हातात घंटा घेऊन ते रस्त्यांवरून फिरत आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी बोलावत. शिकवण ते चालीवर म्हणून घेत. लवकरच मुले ती घरी आणि रस्त्यात गाऊ लागली. ज्या घरात थोर माणसे ऐकायला तयार नव्हती, तेथे मुलाच्या गाण्यातून देवाचे शब्द पोहोचले.

बिघडलेल्या संसारांसाठी त्यांनी जो मार्ग योजला, तोही चरित्रकारांनी सांगितला आहे. व्यासपीठावरून नावे घेऊन ते कोणाची बेअब्रू करीत नसत. विवाहाविना स्त्री ठेवणाऱ्या एखाद्या पोर्तुगिजाकडे ते आपण होऊन जेवायला जात. जेवणाचे कौतुक करीत, ते रांधणाऱ्या स्त्रीची आपुलकीने चौकशी करीत. मैत्री जमली की मगच, एकांतात, त्या माणसाला विचारीत की जी तुमचे घर सांभाळते आणि तुमच्या मुलांची आई आहे, तिला पत्नीचा मान का नाही? काहींनी ऐकले, विवाह केले. काहींनी ऐकले नाही. पण धर्म हा चर्चइतकाच स्वयंपाकघराचा विषय आहे, हे त्यांनी त्या जेवणांतून दाखवून दिले.

मोत्यांच्या किनाऱ्यावर

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर ते दक्षिणेकडे, तामिळ किनाऱ्यावरील परवर कोळ्यांकडे गेले. समुद्रात बुड्या मारून मोती काढणारे हे लोक. शत्रूंपासून पोर्तुगीजांचे संरक्षण मिळावे म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी हजारोंच्या संख्येने बाप्तिस्मा घेतला होता. मात्र त्यानंतर त्यांना शिकवायला कोणी फिरकले नव्हते. फ्रान्सिस यांनी दुभाष्यांच्या मदतीने प्रार्थना तामिळमध्ये करवून घेतल्या, त्या पाठ केल्या आणि गावोगाव पायी फिरून शिकवल्या. कधी कधी बाप्तिस्मा देता देता त्यांचा हात इतका थके की तो उचलवत नसे. तो उजवा हात कोपरापासून १६१४ मध्ये वेगळा करून रोमला नेण्यात आला आणि तेथील येशूसंघाच्या चर्चमध्ये आजही आहे.

बाप्तिस्म्याला काही क्षण पुरतात. त्या बाप्तिस्म्याप्रमाणे जगायला मात्र सारे आयुष्य लागते. हे फ्रान्सिस यांना या किनाऱ्यावर उमगत गेले. म्हणूनच ते एकाच गावी पुन्हा पुन्हा जात आणि आपल्या सहकाऱ्याला पत्रांतून बजावत की या लोकांवर माया करा, त्यांच्या उणिवा सोसा, रागावून काही साधत नाही. १५४४ मध्ये हल्लेखोरांच्या भीतीने हे कोळी समुद्रातील खडकांवर पळून गेले आणि अन्नपाण्यावाचून तडफडू लागले, तेव्हा होड्या भरून अन्न आणि पाणी घेऊन फ्रान्सिस त्यांच्याकडे निघाले.

त्यांना अधिक दुःख दिले ते संरक्षक म्हणवणाऱ्यांनी. किनाऱ्यावरचा पोर्तुगीज कप्तान आणि व्यापारी स्वतःच्या फायद्यासाठी या नवख्या ख्रिस्ती लोकांना नाडत होते. ज्यांच्या भरवशावर त्यांनी धर्म स्वीकारला, तेच त्यांना लुबाडत होते. फ्रान्सिस यांची त्या काळातील पत्रे या संतापाने भरलेली आहेत. एके काळी तर हे सारे सोडून, जेथे पोर्तुगिजांचे पाय लागलेले नाहीत अशा देशात जावे, असेही त्यांच्या मनात आले.

मलाक्कामधील प्रश्न

यानंतर ते मलाक्का व मालुकू बेटांपर्यंत गेले. डिसेंबर १५४७ मध्ये मलाक्का येथे त्यांची भेट आंजिरो नावाच्या जपानी माणसाशी झाली. त्याच्या हातून मायदेशी मनुष्यवध घडला होता. मनाची शांती हरपली होती आणि एका पोर्तुगीज कप्तानाकडून फ्रान्सिस यांची कीर्ती ऐकून तो त्यांना शोधत आला होता. त्याला थोडीफार पोर्तुगीज येत होती.

फ्रान्सिस यांनी त्याला विचारले की आपण जपानला आलो तर तेथील लोक ख्रिस्ती होतील का? आंजिरोने जे उत्तर दिले ते फ्रान्सिस यांनी जानेवारी १५४८ मध्ये रोमला कळवले. त्याचा आशय असा होता की जपानी लोक लगेच होणार नाहीत. ते आधी पुष्कळ प्रश्न विचारतील, उत्तरे तपासतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुम्ही जे सांगता त्याप्रमाणे तुम्ही स्वतः जगता की नाही, हे पाहतील. बोलणे आणि वागणे जुळले, तर सुमारे सहा महिन्यांत ते निर्णय घेतील.

अजून बाप्तिस्माही न झालेल्या माणसाने पोपप्रतिनिधीला हे सांगितले. फ्रान्सिस यांना त्यात अपमान वाटला नाही. उलट आनंद झाला. ज्या देशात धर्माची पारख आचरणावरून होते, त्या देशाची त्यांना ओढ लागली. आंजिरोला ते गोव्याला घेऊन गेले. तेथे २० मे १५४८ रोजी, पवित्र आत्म्याच्या सणाला, त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याचे नाव पॉल ठेवण्यात आले.

राजाची तलवार की अंतःकरणातील बदल?

संतांचे जीवन सांगताना त्यांच्या उणिवा झाकण्याची आम्हांला गरज वाटत नाही. गोव्यातील आणि किनाऱ्यावरील अनुभवांनी फ्रान्सिस व्यथित झाले होते. त्यांनी पोर्तुगालच्या राजाला वारंवार लिहिले. राजाचे अधिकारी गरीब ख्रिस्ती लोकांना लुटतात, राजाला मिळकतीची काळजी आहे पण आत्म्यांची नाही, देवापुढे याचा हिशोब द्यावा लागेल, असा जानेवारी १५४९ मधील पत्राचा सूर होता. एवढ्या परखडपणे राजाला लिहिणारे त्या काळात फार थोडे होते.

मात्र त्याआधी, १५४६ मध्ये, त्यांनी राजाकडे आणखी एक मागणी केली होती. ख्रिस्ती म्हणवणारे लोक मनमानी जगतात, तर भारतात धर्मन्यायालय नेमावे, अशी. हे धर्मन्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये गोव्यात स्थापन झाले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याने किती माणसांना धाक, तुरुंगवास आणि मरण दिले, हा इतिहास गोव्याच्या आणि कोकणच्या लोकांच्या स्मरणात आहे. श्रद्धा आणि जीवन यांची फारकत पाहून फ्रान्सिस कळवळले, हे खरे होते. पण ती फारकत दंडशक्तीने मिटेल ही आशा खोटी ठरली. भीतीमुळे माणसे बाहेरचे वागणे सावरतात. अंतःकरण तसेच राहते. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला, आणि सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी अवलंबलेल्या शुभवर्तमानविरोधी मार्गांबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी देवाकडे क्षमा मागितली.

आम्हांला वाटते, फ्रान्सिस यांच्याच जीवनात या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. राजाला लिहिलेल्या मागणीपेक्षा त्या पोर्तुगिजांच्या घरी मैत्रीने घेतलेली जेवणे अधिक फळली.

जपानमधील सहा महिने

१५ ऑगस्ट १५४९ रोजी, पवित्र मातेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी, फ्रान्सिस आंजिरोसह कागोशिमा येथे उतरले. तेथे त्यांच्यामागे ना पोर्तुगीज तोफा होत्या, ना राजाचा अधिकार. भाषा येत नव्हती. लोक त्यांच्याभोवती बोलत असताना आपण पुतळ्यासारखे उभे राहतो, असे त्यांनी स्वतःविषयी लिहिले आहे. निन्शित्सू नावाच्या वृद्ध झेन मठाधिपतीशी मात्र त्यांची मैत्री जमली.

आंजिरोने सांगितले तसेच घडले. लोक प्रश्न विचारीत आणि निरखून पाहत. ब्रदर जुआन फर्नांडिस रस्त्यावर प्रवचन करीत असताना एक माणूस जवळ येऊन त्यांच्या तोंडावर थुंकला, असा प्रसंग परंपरेने सांगितला जातो. ब्रदरांनी चेहरा पुसला आणि जणू काही घडलेच नाही अशा शांतपणे बोलणे पुढे चालू केले. ऐकणाऱ्यांपैकी एकाने, केवळ तो संयम पाहून, बाप्तिस्मा मागितला. प्रवचनातील युक्तिवादापेक्षा चेहरा पुसण्याची ती कृती त्याला अधिक पटली होती.

कागोशिमात वर्षभरात सुमारे शंभर लोक ख्रिस्ती झाले. किनाऱ्यावर महिन्याभरात हजारोंना बाप्तिस्मा देणाऱ्या फ्रान्सिस यांना ही संख्या कमी वाटली नाही. हे लोक पाहून, तपासून, समजून आले होते. पुढे जपानमध्ये छळाचा काळ आला, धर्मगुरू उरले नाहीत, तरी लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी दोनशेहून अधिक वर्षे विश्वास जपला आणि १८६५ मध्ये नागासाकी येथे ते पुन्हा प्रकट झाले, हे आपण विसरता कामा नये.

घरातील भेदभाव आणि एकाकी मृत्यू

१५५२ च्या आरंभी गोव्याला परतल्यावर त्यांना आपल्याच घरात दुखणे आढळले. सेंट पॉल महाविद्यालय स्थानिक व पूर्वेकडील मुलांच्या शिक्षणासाठी होते. परंतु तेथील प्रमुख फादर आंतोनियो गोमिस यांनी भारतीय विद्यार्थ्यांना बाहेर काढून पोर्तुगिजांना जागा दिली होती. ते नामवंत वक्ते होते, शहरात त्यांचा दबदबा होता. फ्रान्सिस यांनी त्यांना पदावरून दूर केले आणि अखेर येशूसंघातूनही काढले. प्रवचन कितीही रसाळ असो, देवाच्या घरात भेदभाव करणाऱ्याला त्यांनी पाठीशी घातले नाही.

त्यानंतर ते चीनकडे निघाले. मलाक्काचा कप्तान दोम आल्व्हारो हा वास्को द गामाचा मुलगा, जन्माने ख्रिस्ती, थोर कुळातला. पण फ्रान्सिस यांचे मित्र दियोगो पेरेरा यांच्याविषयीच्या द्वेषाने आणि लोभाने त्याने ती मोहीम अडवली. शहरातील रस्त्यांवर फ्रान्सिस यांना शिव्या ऐकाव्या लागल्या. अखेर ते मोजक्या सोबत्यांनिशी शांगच्वान बेटावर पोहोचले. समोर चीनचा किनारा होता, पण तेथे नेणारी होडी आली नाही. थंडीत, एका झोपडीत, त्यांना ताप भरला. शेवटच्या दिवसांत त्यांची शुश्रूषा अंतोनियो नावाच्या चिनी तरुणाने केली. हा अंतोनियो त्याच सेंट पॉल महाविद्यालयात शिकला होता. थोर कुळातल्या ख्रिस्ती माणसाने ज्यांची वाट अडवली, त्यांच्या हातात मरणसमयी मेणबत्ती देणारा हा परदेशी विद्यार्थी होता. ३ डिसेंबर १५५२ रोजी पहाटेपूर्वी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, फ्रान्सिस प्रभूच्या घरी गेले. १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणण्यात आला.

आपली परीक्षा

१२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी फ्रान्सिस यांना संत घोषित केले. त्याच दिवशी संत इग्नाशियस, आविलाची संत तेरेजा आणि संत फिलिप नेरी यांच्यासमवेत आणखी एकाला संतपद मिळाले. ते होते माद्रिदचे इसिदोर. इसिदोर कोठेही गेले नाहीत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या शेतात नांगर धरला, मालकाचे काम इमानाने केले आणि आपल्या घासातला घास गरिबाला दिला. अर्ध्या जगाचा प्रवास करणारा मिशनरी आणि शेतावरचा गडी यांना ख्रिस्तसभेने एकाच दिवशी वेदीचा मान दिला. आपल्या मराठवाड्यातील शेतकरी, शेतमजूर, शिक्षक, परिचारिका, गवंडी आणि दुकानदार श्रद्धावंतांसाठी यात मोठा दिलासा आहे. पवित्र होण्यासाठी आपल्याला जपानला जावे लागत नाही.

पण त्याबरोबर जबाबदारीही येते. आंजिरोचा प्रश्न आज आपल्या शेजाऱ्यांच्या मनात आहे. ते तो विचारणार नाहीत. ते फक्त पाहतील. आपल्या मुलाच्या लग्नात आपण हुंडा घेतो का? मजुराची मजुरी शनिवारी हातावर ठेवतो की फेऱ्या मारायला लावतो? दुकानातला तराजू खरा आहे का? संध्याकाळी दारू पिऊन घरी येणारा आणि बायकोवर हात उगारणारा माणूस रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांगेत उभा असतो का? उन्हाळ्यात टँकर आला की आपण रांग पाळतो की ओळखीचा वापर करतो? चर्चमध्ये एका बाकावर बसणारे आपण सोयरीक ठरवताना जुन्या जातीचा शोध घेतो का? गोव्यातल्या मालकांच्या जपमाळेची गोष्ट वाचून आपण चरकतो. आपल्या जपमाळेवर आपण काय मोजतो, हे मात्र प्रत्येकाने स्वतःच तपासायचे आहे.

याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने हादरला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे मातीला मिळाली, हजारो माणसे दगावली. त्या दिवसांत सर्व धर्मांची माणसे मदतीला धावली. दगड उपसणाऱ्याचा धर्म तेव्हा कोणी विचारला नाही. हात किती लवकर पुढे आला एवढेच पाहिले गेले. संकटात जी माणुसकी आपल्याला सुचते, ती साध्या मंगळवारी किंवा बुधवारीही सुचावी, हीच ख्रिस्ती जीवनाची मागणी आहे.

संत फ्रान्सिस यांच्या सणानिमित्त आम्ही एक साधी सूचना करतो. यंदा त्यांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावण्याआधी, ज्याचे देणे आपण थकवले आहे त्याचे देणे देऊन यावे. ज्या शेजाऱ्याशी अबोला आहे त्याच्या दारात जाऊन यावे. घरात ज्या व्यक्तीच्या कष्टांवर आपण जगतो तिचे आभार मानावेत. मग मेणबत्ती लावावी. हातात घंटा घेऊन गोव्याच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या त्या धर्मगुरूला ती प्रार्थना अधिक प्रिय वाटेल, अशी आमची श्रद्धा आहे.

संत फ्रान्सिस झेवियर आपल्या सर्वांसाठी प्रभूकडे मध्यस्थी करोत, आणि आपण ओठांनी जो विश्वास प्रकट करतो तो आपल्या घरांत, शेतांत आणि बाजारांत आपल्या शेजाऱ्यांना दिसो.